गाडी किती देते?



घरी नवी गाडी आली की काय होते ते तुम्ही पाहिलेच आहे. चाकाखाली लिंबू ठेवतात, हँडलला झेंडूचा हार चढतो, पेढे वाटले जातात. शेजारचे काका येतात, गाडीभोवती एक फेरी मारतात, सीटवर हात फिरवतात आणि पेढा तोंडात टाकता टाकता वडिलांना विचारतात, "काय हो, किती देते?"

गाडी दुचाकी असो की चारचाकी, शोरूममधून आलेली असो की कोणाकडून जुनी घेतलेली, आपल्याकडे पहिला प्रश्न हाच. 'एका लिटर पेट्रोलमध्ये किती किलोमीटर जाते' एवढे लांब वाक्य कोणी म्हणत नाही. 'किती देते' म्हटले की सर्वांना समजते. उत्तरही लगेच मिळते. "पन्नास कुठे गेले नाहीत." दुसरे कोणी म्हणते, "आमची साठ देते." तिसरे म्हणते, "त्या कंपनीचे नावच काढू नका. माझ्या मेहुण्याने घेतली, आता पस्तावतोय." पाच मिनिटांत चार गाड्यांची तुलना होऊन निकालही लागलेला असतो.

ऐकणाऱ्यांपैकी एखाद्याला दोन महिन्यांनी स्वतः गाडी घ्यायची असते. तो हेच आकडे मनात धरून बाहेर पडतो. घर सोडले तर बऱ्याच कुटुंबांत गाडीएवढी मोठी खरेदी दुसरी नसते. तिचे हप्ते काही वर्षे फेडावे लागतात आणि तिच्यावर रोज घरचीच माणसे बसतात.

या लेखात मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली अशी की 'किती देते' हा प्रश्न चांगला आहे, पण त्याचे उत्तर सांगोवांगी घेण्याचे नाही. ते मोजण्याचे आहे आणि तुम्ही ते मोजू शकता. दुसरी अशी की या प्रश्नाच्या आधी विचारायला हवा असा आणखी एक प्रश्न आहे आणि तो आपण विचारतच नाही. तो कोणता, ते पुढे पाहू.

उत्तर येते कुठून?

"पन्नास देते" असे सांगणाऱ्याला हळूच विचारून पाहा, "काका, तुम्ही मोजले कसे?" बहुतेक वेळा तीनपैकी एक उत्तर मिळेल. जाहिरातीत लिहिले होते, गाडी देणाऱ्याने सांगितले होते, किंवा "एकदा कोल्हापूरला गेलो होतो, तेव्हा दिली होती."

जाहिरातीतला आकडा खोटा असतो असे नाही. तो चाचणीतून येतो. अशा चाचण्या करणारी एक मोठी संस्था आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया हे तिचे नाव; तिची स्थापना १९६६ साली झाली. अशा चाचणीत गाडी रस्त्यावर धावत नाही. ती प्रयोगशाळेत जागच्या जागी उभी असते आणि तिची चाके रोलरवर फिरतात. किती सेकंद कोणत्या वेगाने जायचे, केव्हा थांबायचे, केव्हा पुन्हा वेग घ्यायचा, हे आधीच ठरलेले असते आणि प्रत्येक गाडीला तोच क्रम पाळावा लागतो.

विज्ञानाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. दोन गाड्यांची तुलना करायची तर बाकी सर्व परिस्थिती सारखी ठेवली पाहिजे, हे तुम्ही प्रयोगाच्या तासाला शिकला आहात. पण त्या प्रयोगशाळेत खड्डे नसतात, समोरून वारा नसतो, मागे धान्याचे पोते नसते आणि टायरमधील हवा कमी झालेली नसते. म्हणून चाचणीचा आकडा हा एका गाडीची दुसरीशी तुलना करण्यासाठी उपयोगी आहे. तुमच्या रस्त्यावर तुमची गाडी तेवढेच देईल, असे वचन तो देत नाही. हा फरक लक्षात न घेता बरेच लोक वर्षभराने "कंपनीने फसवले" म्हणतात.

कोल्हापूरच्या सहलीचे काय? तो दिवस खास होता म्हणूनच तो लक्षात राहिला. रस्ता सरळ, वेग एकसारखा, सिग्नल थोडे. उरलेले ३६४ दिवस गाडी बाजारात थांबत थांबत चालते, ते कोणी लक्षात ठेवत नाही.

टाकीपासून टाकीपर्यंत

मोजण्याची रीत अगदी सोपी आहे. पेट्रोल पंपावर टाकी फुल करा. नळी आपोआप बंद झाली की तिथेच थांबा, वरून आणखी थोडे थोडे घालू नका. किलोमीटरच्या काट्यावरचा आकडा वहीत लिहा. मग गाडी नेहमीसारखी वापरा. पुढच्या वेळी शक्य तर त्याच पंपावर, गाडी तशीच सरळ उभी करून, पुन्हा फुल करा. आता काटा काय दाखवतो आणि किती लिटर पेट्रोल बसले, हे दोन आकडे लिहा.

समजा, पहिल्या वेळी काटा १२,३४० वर होता आणि दुसऱ्या वेळी १२,६१० वर. गाडी २७० किलोमीटर चालली. टाकीत ५.४ लिटर पेट्रोल बसले, म्हणजे तेवढेच खर्च झाले होते. २७० भागिले ५.४ बरोबर ५०. हे झाले मोजलेले उत्तर.

पण हे उत्तर तरी किती विश्वासाचे? दोन्ही वेळी टाकी तंतोतंत सारखीच भरली असेल असे नाही. नळी थोडी आधी बंद झाली किंवा गाडी थोडी कलली, तर २०० मिलिलिटरचा फरक सहज पडतो. ५ लिटरमध्ये २०० मिलिलिटर म्हणजे ४ टक्के. म्हणजे ५० हे उत्तर ४८ ही असू शकेल किंवा ५२ ही. एका भरणीवरून "माझी ५१ देते आणि तुझी ४९" असे भांडण करण्यात अर्थ नाही.

यावर उपाय आहे. एका भरणीवर न थांबता लागोपाठ १० भरण्या लिहा, सर्व किलोमीटरांची बेरीज करा, सर्व लिटरांची बेरीज करा आणि मग भागाकार करा. मधल्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात, कारण एका वेळी टाकी थोडी कमी भरली तर पुढच्या वेळी तेवढेच पेट्रोल जास्त बसते. चूक उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरणीची. ५० लिटरमध्ये २०० मिलिलिटर म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तोच काटा, तोच पंप, पण केवळ धीर धरल्यामुळे मापन दहापट चांगले झाले.

सरासरीतली गफलत

आपण या आकड्याला 'अ‍ॅव्हरेज' म्हणतो, पण सरासरी काढतानाच अनेकजण चुकतात. समजा, घाट चढून १२० किलोमीटरवरच्या गावी जाताना गाडीने लिटरला ४० किलोमीटर दिले आणि परत येताना उतारामुळे ६० दिले. मग अ‍ॅव्हरेज किती? "पन्नास!" असे उत्तर लगेच येते. आता हिशेब करा. जाताना ३ लिटर लागले, येताना २ लिटर. २४० किलोमीटरला ५ लिटर, म्हणजे ४८. अंतर दोन्ही वेळा सारखे असले, तरी पेट्रोल सारखे लागले नाही. म्हणूनच बेरीज करायची ती किलोमीटरांची आणि लिटरांची. दोन अ‍ॅव्हरेजांची करायची नाही.

याहून मोठी गफलत गाड्या निवडताना होते. एका घरी एक जुनी जीप आहे, ती लिटरला १० किलोमीटर देते. एक मोटारसायकल आहे, ती ४० देते. दोन्ही महिन्याला १,००० किलोमीटर चालतात. आता यांपैकी एकच गाडी बदलायची आहे. जीपच्या जागी १२.५ देणारी गाडी मिळते किंवा मोटारसायकलच्या जागी ५० देणारी. कोणती बदलाल? चाळीसचे पन्नास म्हणजे तब्बल दहाने वाढ. जीपची वाढ अवघ्या अडीचची. पण लिटर मोजा. मोटारसायकलला आधी २५ लिटर लागत, आता २० लागतील, वाचले ५. जीपला आधी १०० लागत, आता ८० लागतील, वाचले २०.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या दोघांनी या गफलतीवरचा आपला अभ्यास २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. लिटरमागे किलोमीटर असा आकडा पाहिला की माणसे बचतीचा अंदाज चुकवतात, हे त्यांनी दाखवले. युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर लागतात असे उलटे सांगण्याची पद्धत आहे. आपणही प्रश्न थोडा बदलून "किती देते?" ऐवजी "किती पिते?" असा विचारला, तर पुष्कळ गैरसमज टळतील.

इथेनॉलचा वाद

२०२३ सालापासून आपल्याकडे पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. त्यापूर्वी हे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत होते. लगेच मते तयार झाली. "अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आले" असे एक म्हणतो, "काहीच फरक नाही" असे दुसरा ठासून सांगतो. इथे आपण रसायनशास्त्राला काय म्हणायचे आहे ते पाहू.

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. एक लिटर इथेनॉलमधून सुमारे २१ मेगाज्यूल. म्हणजे इथेनॉलमध्ये ऊर्जा साधारण एकतृतीयांशाने कमी. आता मिश्रणाचे गणित करा. १० टक्के इथेनॉल असताना लिटरमागे सुमारे ३०.९ मेगाज्यूल मिळत, २० टक्के असताना सुमारे २९.८ मिळतात. फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास. इंजिनाची कार्यक्षमता तेवढीच राहिली, तर पूर्वी ५० देणारी गाडी ४८ च्या जवळपास देईल. म्हणजे फरक पडतो, पण निम्म्याने नाही. शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तरी घट ७ टक्क्यांच्या आसपास येते. एखाद्या गाडीचे अ‍ॅव्हरेज खरोखरच निम्म्यावर आले असेल, तर तिच्यात दुसरा काहीतरी बिघाड आहे आणि इथेनॉलला दोष देत बसल्यास तो सापडणार नाही.

आता मागचा हिशेब आठवा. एका भरणीच्या मापनातच ४ टक्के चूक असू शकते. मग साडेतीन टक्क्यांचा फरक एका टाकीवरून कोणाला कळेल? "अ‍ॅव्हरेज कमी झाले" म्हणणाऱ्यालाही नाही आणि "फरक नाही" म्हणणाऱ्यालाही नाही. त्यासाठी दोन्ही काळांतल्या दहा-दहा भरण्यांची नोंद लागेल. वाद घालणाऱ्यांपैकी किती जणांकडे ती वही आहे? जुन्या गाड्यांच्या रबरी भागांवर इथेनॉलचा काय परिणाम होतो हा आणखी वेगळा प्रश्न आहे. त्याचेही उत्तर तपासणीतून यायला हवे, आवाज चढवून नव्हे.

मुदत संपलेली मते

काही मते एकेकाळी खरी होती, पण गाडी बदलली आणि मत तसेच राहिले. तुमचे आजोबा स्कूटरला किक मारण्यापूर्वी ती एका बाजूला कलती करत, हे त्यांना विचारा. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उतरावे म्हणून ते तसे करत आणि त्या स्कूटरसाठी ते योग्यही होते. आजच्या इंजेक्शनच्या गाडीला कलते करून काहीही मिळणार नाही.

ही झाली निरुपद्रवी सवय. पण दुसरी एक सवय धोक्याची आहे. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की पेट्रोल वाचते, असे कितीतरी चालक मानतात. काहीजण तर इंजिनच बंद करतात. इंजेक्शन पद्धतीच्या बहुतेक इंजिनांत काय होते पाहा. गाडी गिअरमध्ये असताना आणि चालकाने अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला असताना चाकेच इंजिनाला फिरवत असतात. अशा वेळी इंजिनाचा नियंत्रक पेट्रोलचा पुरवठा थांबवतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी थोडे पेट्रोल जळतच राहते. म्हणजे ज्या बचतीसाठी हे करायचे, ती बचतही गिअरमध्येच जास्त.

आणि धोका? गिअरमध्ये असलेले इंजिन गाडीला मागे ओढून धरते. न्यूट्रल केले की तो आधार जातो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. लांब उतारावर ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक नीट लागत नाहीत. चारचाकीचे इंजिन बंद केले, तर ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारी मदतही बंद होते. खंबाटकीच्या किंवा आंबोलीच्या वळणावर दोन रुपयांच्या पेट्रोलसाठी हा सौदा कोणी करावा?

म्हणून एखादे मत ऐकले की दोन गोष्टी विचाराव्यात. हे कोणत्या गाडीबद्दल आहे? आणि केव्हाचे आहे?

न विचारलेला प्रश्न

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. गाडी किती देते हे आपण विचारतो. गाडी किती अंतरात थांबते, हे कोण विचारतो?

हे गणित नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला करता येते. थांबण्याच्या अंतराचे दोन भाग असतात. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत गाडी पूर्वीच्याच वेगाने पुढे जाते. हा झाला पहिला भाग. दिसणे, समजणे आणि हातापायांनी हालचाल करणे, या सर्वाला मिळून १ सेकंद धरू. ब्रेक लागल्यानंतर गाडी थांबेपर्यंतचे अंतर हा दुसरा भाग. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि चांगले ब्रेक असतील, तर गाडीचा वेग दर सेकंदाला सुमारे ६ मीटर प्रति सेकंद इतक्या दराने कमी होतो असे धरू.

ताशी ४० किलोमीटर वेगाला पहिला भाग ११ मीटर आणि दुसरा १० मीटर. एकूण २१ मीटर. ताशी ६० ला १७ आणि २३, एकूण ४० मीटर. ताशी ८० ला २२ आणि ४१, एकूण ६३ मीटर. वेग ४० वरून ८० केला, म्हणजे दुप्पट; पण ब्रेकचे अंतर चौपट झाले. याचे कारण तुम्हाला ठाऊक आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि ती सगळी ब्रेकला शोषून घ्यावी लागते. पावसात रस्ता ओला असला की ही अंतरे आणखी वाढतात.

आता असे समजा की चेंडूमागे धावत एक लहान मूल २१ मीटरवर रस्त्यात आले. ताशी ४० ने येणारी गाडी त्याच्यापाशी येऊन थांबते. ताशी ६० ने येणाऱ्या गाडीचे १७ मीटर तर ब्रेक लागण्यापूर्वीच संपले. उरलेल्या ४ मीटरांत तिचा वेग किती कमी होईल? हिशेब करून पाहा. ती मुलाला धडकते तेव्हाही तिचा वेग ताशी ५० किलोमीटरहून अधिक असतो. ताशी ८० च्या गाडीचा तर ब्रेकही अजून लागलेला नसतो.

६ किलोमीटरच्या रस्त्यावर ४० ऐवजी ६० ने गेल्यास, मध्ये कुठेही थांबावे लागले नाही असे धरले तरी, जास्तीत जास्त ३ मिनिटे वाचतात. एका बाजूला ही ३ मिनिटे, दुसऱ्या बाजूला ते मूल. जास्त वेगाला हवेचा विरोध वाढून पेट्रोलही जास्त जाते, म्हणजे 'किती देते'चे उत्तरही बिघडते.

गाडी निवडताना हा प्रश्न विचारता येतो. दुचाकीत ब्रेक लावताना चाक जाम होऊन घसरू नये यासाठी एबीएस ही योजना असते. १२५ सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून ती सक्तीची झाली आणि त्याहून लहान दुचाकींना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली. त्यापूर्वीची जुनी गाडी स्वस्तात मिळत असेल, तर तिच्यात हे आहे की नाही ते पाहिलेच पाहिजे. मोटारींसाठी ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही धडक-चाचणी सुरू झाली आहे. तिच्यात मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी वेगवेगळे तारे दिले जातात. गाडीच्या गाण्याच्या यंत्राची चौकशी अर्धा तास करणारे ग्राहक या ताऱ्यांची चौकशी अर्धा मिनिटही करत नाहीत.

'मला कुठे काय झाले?'

यावर एक आक्षेप हमखास येतो. "हे सगळे पुस्तकी झाले. मी तीस वर्षे गाडी चालवतोय. हेल्मेट घातले नाही, वेग कमी केला नाही. मला कुठे काय झाले?"

अनुभवाला मी कमी लेखत नाही. चाळीस वर्षे गॅरेज चालवलेला मिस्त्री नुसत्या आवाजावरून दोष सांगतो, कारण त्याने हजारो गाड्या उघडून पाहिल्या आहेत आणि त्याचा अंदाज चुकला की ते त्याच दिवशी त्याला कळते. पण एकच गाडी चालवणाऱ्याला दोन गाड्यांची तुलना करता येत नाही. आणि "मला काही झाले नाही" या पुराव्यात एक मोठी उणीव आहे. ज्यांना काही झाले, ते आज कट्ट्यावर बसून मत द्यायला आलेले नाहीत. आपण फक्त वाचलेल्यांचीच साक्ष ऐकतो.

जे आले नाहीत त्यांचीही मोजणी होते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी हेल्मेट न घातलेल्या दुचाकीस्वारांची संख्या ५० हजारांहून अधिक होती आणि त्यांत मागे बसणारेही होते. मागे कोण बसते? बहुतेक वेळा तुम्हीच. म्हणून हा प्रश्न विचारण्याचा हक्क तुम्हाला घरातल्या इतर कोणाइतकाच आहे.

वहीचे एक पान

तर करायचे काय? घरी गाडी घेण्याचा विचार सुरू झाला की वहीचे एक पान घ्या. निवडलेल्या दोन-तीन गाड्यांची नावे वर लिहा. खाली प्रत्येकीची किंमत, चाचणीचे अ‍ॅव्हरेज, तुमच्या गावात दुरुस्तीची सोय, ब्रेकची योजना, टायरची स्थिती आणि चारचाकी असल्यास तारे लिहा. मग घरच्यांना विचारा की गाडी महिन्याला किती किलोमीटर चालणार आहे. हा आकडा फार महत्त्वाचा आहे. समजा, एक गाडी ६० देते, दुसरी ५० देते आणि पहिली १०,००० रुपयांनी महाग आहे. महिन्याला ६०० किलोमीटर चालवली, तर पहिलीला १० लिटर लागतील, दुसरीला १२. पेट्रोल लिटरला १०० रुपये धरले, तर महिन्याला २०० रुपये वाचतील. १०,००० रुपये भरून यायला ५० महिने, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ लागेल. दोन वर्षांत गाडी विकणाऱ्याने ती घ्यावी का? महिन्याला २,००० किलोमीटर चालवणाऱ्याने घ्यावी का? उत्तरे वेगळी येतील. "कोणती गाडी चांगली" या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नसते, ते यामुळेच.

शिक्षकांनाही एक सूचना करावीशी वाटते. वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या किंवा शेजारच्या एका गाडीची नोंद तीन महिने ठेवावी. मापन सुरू करण्यापूर्वी गाडीच्या मालकाला "तुमची किती देते?" असे विचारून ते मतही लिहून ठेवावे. शेवटी मत आणि माप यांचे दोन स्तंभ फळ्यावर शेजारी शेजारी मांडावेत. मापनातील चूक, सरासरी आणि नमुन्याची निवड हे तीन धडे त्यातून एकदम शिकवून होतात.

थांबण्याच्या अंतराचा प्रयोग मात्र रस्त्यावर, मोटारगाडीने मुळीच करायचा नाही. तो शिक्षकांच्या देखरेखीखाली शाळेच्या मैदानावर सायकलने करता येतो. चुन्याच्या दोन रेघा १० मीटर अंतरावर ओढा. त्या ओलांडायला किती सेकंद लागले त्यावरून वेग काढा. दुसऱ्या रेघेपाशी ब्रेक लावा आणि सायकल कुठे थांबते ते मोजा. आधी सावकाश, मग थोड्या जास्त वेगाने, प्रत्येक वेळी पाच-पाच फेऱ्या करा आणि वेगाच्या वर्गाशी अंतर जुळते का ते आलेखावर पाहा.

तुम्हाला अजून गाडी चालवायची नाही. त्याला परवाना लागतो आणि परवान्याला वय लागते. पण मोजायला वयाची अट नाही. घरातल्या मोठ्यांना हप्त्यांची, कर्जाची, जाण्यायेण्याची काळजी असते. वही घेऊन काट्यावरचा आकडा लिहायला त्यांना सवड होत नाही. ते काम तुम्ही करा.

पुढच्या वेळी शेजारचे काका पेढा खात "किती देते?" असे विचारतील, तेव्हा त्यांना वही आणून दाखवा. आणि त्यांचे वाचून झाले की तुम्हीही त्यांना एक प्रश्न विचारा, "काका, तुमची किती अंतरात थांबते?"